रुमालातून सर्व्हरकडे

कशेडी घाटाच्या अलीकडे पोलादपूर, पलीकडे खेड. घाट ओलांडला की जिल्हा बदलतो, तहसील बदलते आणि जमिनीचं दफ्तरही बदलतं. कित्येक पिढ्या हे दफ्तर कापडी रुमालात बांधलेलं असे. कुठल्या गावाचे कागद कुठल्या गठ्ठ्यात, हे तलाठ्याला आणि कोतवालाला तोंडपाठ.

संगणक आले तरी रीत फारशी मोडली नाही. रुमालाच्या जागी तालुक्याचा सर्व्हर आला, इतकंच. मोडली ती हे सुटे साठे एकत्र करायची वेळ आल्यावर.

व्यापारी कंपन्या यातून आधीच गेल्या होत्या. आयबीएमने २००३ मध्ये सॅन व्हॉल्यूम कंट्रोलर आणला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्का एकच साठा असल्यासारख्या वापरता येऊ लागल्या. कुठली माहिती कुठल्या डिस्कवर, याचा नकाशा मधली यंत्रणा सांभाळते. तो बिघडला तर डिस्का धडधाकट असूनही हाती काही लागत नाही. संगणक विभाग बिचकले ते यामुळे, आणि धंदा बंद न ठेवता जुना साठा हलवायचा होता म्हणूनही.

सातबाऱ्याची अडचण त्याहून मुळातली होती. हस्तलिखित आणि संगणकातला उतारा पुष्कळदा जुळतच नसे. म्हणून २०१७ मध्ये शासनाने चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातली नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची. नाव चुकलं, क्षेत्र कमी भरलं, वारस राहिला, तर खातेदाराने तिथेच हरकत घ्यायची. डेटा सेंटरवाल्यांच्या पुस्तकात ही पायरी सापडायची नाही, पण सगळ्यात शहाणी तीच.

मग भाराचा प्रश्न. साठा एक झाला की रांगही एकच होते. दिवसा ‘सर्व्हर डाऊन’, म्हणून तलाठी रात्री जागून फेरफार नोंदवत. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि सहीसाठीच्या खेपा वाचल्या.

२२ जुलै २०२१ ला महाड पुरात बुडालं. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. दूरच्या सर्व्हरवरच्या उताऱ्याला पाण्याचा थेंब लागला नाही, पण इथे वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळेसाठी मोठी डेटा सेंटरं साठ्याची दुसरी प्रत परगावी ठेवतात आणि जोडणीच्या तारा वेगवेगळ्या रस्त्यांनी नेतात. डोंगरी तालुक्यात ती दुसरी तार महाग पडते. तिथे ग्राहक थोडे आणि दरडी फार.