गुरुजी म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं

प्राध्यापकांमधला उत्तम शिक्षक ओळखायचा कसा, हा विषय निघाला की मला नरहर कुरुंदकर आठवतात. जन्म १५ जुलै १९३२, गाव कुरुंदा, तालुका वसमत. हा भाग तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.

शिकायला ते हैदराबादला मामांकडे राहिले. मामा, डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. उस्मानिया १९१८ पासून उर्दू माध्यमाचं, आणि तिथेच मराठीचाही अभ्यास चालायचा. वर्गात हे सांगितलं की मुलं माझ्याकडे बघत राहतात!

भाचा मात्र परीक्षेत अडखळला. इंटरला तर अनेकदा नापास. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते मास्तर झाले, बी.ए., एम.ए. मागाहून. मग पीपल्स कॉलेजात मराठी शिकवलं, पुढे तिथेच प्राचार्य. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलंय ते याच मास्तरांचं लांबलचक पत्र. मुसलमानांबद्दल त्यांनी लिहिलेलं सगळंच मला पटत नाही. पण मतभेद असलेला माणूसही उत्तम शिक्षक असतो, एवढी कदर आपल्याला करता यायला हवी.

जुन्या मदरशांत सनद मिळायची ती उस्तादाच्या नावानं. ‘कुठे शिकलात’ यापेक्षा ‘कोणाकडे शिकलात’ हा प्रश्न मोठा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. त्यात शोधनिबंध मोजले गेले आणि शिकवण्याचे गुण पडले ते बहुतेक तासांच्या हिशेबानं. तास कसा झाला, हे त्या कागदावर कुठे दिसणार? आम्हा शाळेतल्या शिक्षकांचंही वेगळं नाही. आदर्श शिक्षक व्हायचं तर अर्ज आपणच भरायचा, फोटो जोडायचे, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स लावायच्या. बी.एड.ला आमच्या पाठाच्या वेळी निदान कोणीतरी मागच्या बाकावर बसून तास ऐकायचं.

कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत गेले, पन्नाशीही न गाठता. नांदेडात त्यांचा वर्ग कधी न पाहिलेले लोकही आज त्यांना ‘गुरुजी’च म्हणतात. त्यासाठी अर्ज कोणीच भरला नव्हता.