पाय पसरून बसायची खुर्ची

कोकणातल्या जुन्या घरांच्या ओटीवर झोपाळा आणि आरामखुर्ची ही जोडी हमखास असायची. झोपाळा पोराबाळांचा, आल्यागेल्याचा. खुर्ची मात्र एकाचीच. आमच्या आजोळी ती अण्णांची, म्हणजे आईच्या वडलांची. अंग सागवानी, पाठ-बैठक वेताची, हात गुडघ्यांपलीकडे जातील एवढे लांब. त्यांच्याखाली दडलेल्या फळ्या फिरवून पुढे ओढल्या, की पाय वर टाकायची सोय. कुळथाचं पिठलं-भात जेवून अण्णा त्यात पहुडायचे. एका हातावर अडकित्ता, दुसऱ्यावर ताकाचं भांडं. त्या भांड्याचा पांढुरका गोल डाग लाकडावर अजून आहे. आजीला मात्र त्या खुर्चीत बसलेली मी कधी पाहिली नाही.

ही घडण साहेबाच्या मळ्यांतून, डाकबंगल्यांतून आपल्या ओटीवर आली. वेताची वीण मात्र उलट दिशेने गेली होती. सतराव्या शतकात ती पूर्वेकडून जहाजांनी युरोपात पोचली. दमट हवेत पाठीला वारा लागू देणारी ती वीण आपल्याकडे मुरली नसती तरच नवल.

आमचं घर खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्याचं. कूळ मक्ता घेऊन आलं की अंगणात उकिडवं बसायचं आणि पणजोबा खुर्चीतूनच बोलायचे. हे थोरल्या मावशीने सांगितलं, तेही आवाज उतरवून. अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. मावशी म्हणायची, ती बातमी आली तेव्हा अण्णा कितीतरी दिवस खुर्चीकडे फिरकले नाहीत. आई म्हणायची, छे, त्यातच बसून फणसाचे गरे खात होते! खरं काय ते विचारायला आता दोघीही नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की आमच्या जुन्या कुळाचा मुलगा मास्तर होऊन घरी आला, की अण्णा उठून त्याला खुर्ची द्यायचे. मास्तर अवघडून कडेला टेकायचे, मामी आंबापोळी आणायची.

पुढे वेत फाटला, तेव्हा मामाने खुर्ची मुंबईला एका अंध कारागिराकडे नेली. अंधशाळांतून तेव्हा खुर्च्या विणायला शिकवत. वेताची भिजवलेली साल चौकटीच्या भोकांतून आधी उभी, मग आडवी, शेवटी दोन्ही अंगांनी तिरपी ओढायची. मग जाळीला आठकोनी डोळे पडतात. ते कारागीर बोटांनी भोकं चाचपत, गप्पा मारत विणायचे, आणि एक पदर ढिला राहिला तरी थांबून सोडवायचे.

आज अशा खुर्च्यांवर नायलॉनच्या पट्ट्या चढतात, नाहीतर त्या सरळ जुन्या बाजारात जातात. तुमच्याकडे असेल तर कृपा करून वेतच विणून घ्या. लाखेचं पॉलिश पुरे. वेत वाळला की तटकन तुटतो, म्हणून उन्हाळ्यात खालच्या बाजूने ओलसर फडकं फिरवत जा. आणि घरातल्या सगळ्यांना तिच्यात बसू द्या, मुलींना तर आधी. नातवंडांना अण्णांचं ताक सांगाल तेव्हा अंगणात उकिडवं बसलेल्यांचंही सांगा. त्यांच्याशिवाय या खुर्चीची गोष्ट अर्धीच राहते.