पुष्करची यात्रा, नाशिकच्या खडकात

राजस्थानच्या वाळवंटाच्या कडेला असलेल्या पुष्कर तीर्थाची सुमारे १९०० वर्षांपूर्वीची नोंद वाचायची, तर नाशिकची पांडवलेणी चढावी लागतात. (पांडवांचा येथे काही संबंध नाही, शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे.)

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची यादी आहे. मध्येच लेख प्रथमपुरुषी होतो आणि उषवदात स्वतः बोलू लागतो: मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांना सोडवण्यासाठी तो पावसाळ्यात निघाला, त्याची नुसती चाहूल लागताच मालय पळाले, मग त्याने पुष्करला स्नान करून ३००० गाई आणि एक गाव दान दिले. बढाई उघड आहे, पण नाशिक ते पुष्कर हा प्रवास त्या काळी होत होता, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. त्याच डोंगरातील तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री त्याला क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा म्हणते. तेथेच सातकर्णीची आज्ञाही कोरलेली आहे: आजवर उषभदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे. हा उषभदात बहुधा पुष्करला गेलेला तोच. त्याचे शेत गेले, सासऱ्याची नाणी पालटली. दहाव्या लेण्यातील लेख मात्र आजही वाचता येतो.