बक्षिसी कुणाची, पगार कुणाचा?

दिवाळीला पोस्त देण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे. पण पोस्तावर कुणाचा वर्षभराचा पगार भागत नाही, आणि तो भागावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. अमेरिकेत मात्र नेमकं हेच घडलं. तिथं हॉटेलात जेवल्यावर बिलाच्या शेकडा १५ ते २० इतकी रक्कम वाढप्याला वेगळी द्यावी, असा शिष्टाचार आहे. न देणारा कंजूष ठरतो.

हा शिष्टाचार आला कुठून? बक्षिसीची चाल मूळची युरोपातली. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी उठली, आणि त्यानंतर ही चाल तिथं फोफावली. १८६७ साली स्थापन झालेल्या पुलमन कंपनीनं आगगाडीच्या शयनडब्यांत नोकर म्हणून मुख्यतः मुक्त झालेले काळे लोक घेतले. पगार इतका तुटपुंजा, की त्यांचं घर उतारूंच्या बक्षिसीवरच चाले. म्हणजे मालकाचं देणं गिऱ्हाइकाच्या खिशातून भागू लागलं.

लोकांना हे खटकलं नाही असं नाही. १९०९ साली वॉशिंग्टन राज्यानं बक्षिसीवर कायद्यानं बंदी घातली. आणखी काही राज्यांनी तोच कित्ता गिरवला. पण १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. कामगारांनीच मग वेगळी वाट धरली. शयनडब्यांतील नोकरांनी १९२५ मध्ये फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली, आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ साली, कंपनीशी पगारवाढीचा करार केला.

हॉटेलातल्या वाढप्याला मात्र हे साधलं नाही. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. १९६६ साली तो पोचला, पण बक्षिसी वेतनात धरण्याची मुभा मालकाला देऊनच! १९९१ पासून मालकानं द्यायचं रोख वेतन ताशी २.१३ डॉलरवर थांबलं आहे. इतरांचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. बक्षिसी कमी पडली, तर तूट मालकानं भरावी असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र मालकाला पुरतं वेतन द्यावंच लागतं.

आपल्याकडेही हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क सक्तीनं लावू नये, ही सरकारी सूचना २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उचलून धरली. सेवा आवडली तर गिऱ्हाइकानं चार पैसे जरूर ठेवावेत. पण ते पगारावरचे असावेत, पगाराऐवजीचे नव्हेत. खुशी गिऱ्हाइकाची, पगार मालकाचा.