तबक, तबकडी आणि मधलं कापड

तबकडी हा शब्द तबकावरून आला, हे उघडच आहे. ग्रामोफोनच्या फिरत्या थाळीला इंग्रज प्लॅटर म्हणतो, म्हणजे पुन्हा ताटच. पण दोन गाण्यांचे ठोके जुळवून नाचणाऱ्यांना सांधा कळू न देणाऱ्या डीजेचं कूळ शोधायचं, तर तबक आणि तबकडीच्या मधे पाहावं लागतं. तिथे फेल्टची एक चकती असते.

या कसबाचं श्रेय बरेच जण टेक्निक्सच्या एसएल-१२०० या जपानी टर्नटेबलला देतात. ते काही जमत नाही. हे यंत्र १९७२मध्ये आलं ते घरी बसून संगीत ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी मिळाली १९७९च्या एमके-२ला. त्याच्या सुमारे दशकभर आधीच न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ क्लबात, म्हणजे एका जुन्या जर्मन बाप्टिस्ट चर्चमध्ये, फ्रान्सिस ग्रासो शिकागो बँडच्या ‘आय अ‍ॅम अ मॅन’मधल्या ढोलांवर लेड झेपेलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ चढवत होता. यंत्र या घराण्यात दत्तक आलं, एवढंच.

मग मूळपुरुष ग्रासो? तो स्वतः नाचणारा होता, त्यामुळे पायाची लय कानात होतीच. पण हाताची युक्ती त्याला रेडिओतल्या मित्राने दाखवली, आणि खरी मेख इथेच आहे. रेडिओवर निवेदकाचं वाक्य संपताच गाणं सुरू व्हायला हवं. मोटर वेग घेईपर्यंत थांबलं, तर गाणं कण्हत सुरू होतं. म्हणून थाळी फिरतीच ठेवायची, फेल्टवरची तबकडी बोटाने धरायची, सुई पहिल्या ठोक्याशी आणायची आणि क्षण येताच बोट सोडायचं. गाण्याची सुरुवात हेडफोनवर आधी ऐकून ठेवायची सवयही रेडिओचीच. ग्रासोने निवेदकाच्या वाक्याच्या जागी दुसरं गाणं ठेवलं!

यावर आक्षेप असा, की याने नुसती सुरुवात जुळते. हाडामांसाचा ड्रमर तर पुढे वेग बदलतो. खरं आहे. पण घसरलेली लय सावरायला तबकडीच्या कडेला बोट लावतात, तेव्हाही खालून घसरू देतं ते फेल्टच.

सरकपट्टीने काम सोपं केलं, पण सुराची किंमत घेऊन. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२९.६पर्यंत जातं खरं, पण काळी एकचा सूर पांढरी दोनच्याही किंचित वर सरकतो. हार्मोनियमवाल्याने कपाळाला हात लावावा, असा प्रकार!

आणि फेल्टही नसेल तर? गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात डीजे तबकड्यांऐवजी डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या कॅसेट वापरत. उन्हात तबकडी वाकते आणि तिचं ओझंही फार. डॅटवर बोट ठेवायला जागा नाही, वेग बदलायची सोयही सहसा नाही. म्हणून तिथे ठोके जुळवण्याचा नाद सोडला गेला. एका गाण्याचा तालाविना शेवट दुसऱ्याच्या तालाविना सुरुवातीत मिसळत असे. गोवा ट्रान्सच्या अनेक गाण्यांना लांबलचक, बिनठोक्याचं तोंड असतं, ते त्यामुळेच.