दिवाडीचे मातेउस आणि डावलल्या गेलेल्या याजकांचा प्रश्न

इ. स. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण साष्टीतील रायतूर येथे छापून निघाले. परदेशी मिशनऱ्याने येथील लोकांच्या भाषेत, येथील लोकांच्या छंदात प्रभूचे चरित्र गावे, आणि ते देवळादेवळांतून वाचले जावे, ही घटना आपल्या मंडळीच्या इतिहासात मोठीच म्हणावी लागेल. तथापि त्याच सुमारास, त्याच गोव्यात, ज्यांच्या भाषेला देवळात मान मिळाला होता त्या लोकांपैकी एका तरुणाला वेदीपर्यंत जाऊ दिले गेले नाही. त्या तरुणाचे नाव मातेउस दि कास्त्रो. दिवाडी बेटावरील नावेली येथील महाले नावाच्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुळात, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांचा जन्म झाला. बार्देशातील रेईश मागुश येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. शिक्षण कमी पडले असे नाही. तरीही आर्चबिशप क्रिस्तोव्हांव दि सा इ लिस्बोआ यांनी त्यांना याजकीय दीक्षा देण्याचे नाकारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. देशी मनुष्याला दीक्षा देऊच नये, असा चर्चचा नियम नव्हता. देशी याजक गोव्यात होते. परंतु ते बहुधा धर्मग्रामातील मुख्य व्हिकाराच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राबत. बार्देशातील धर्मग्रामे फ्रान्सिस्कनांकडे व साष्टीतील येशूसंघीयांकडे असून, या संघांची दारे देशी उमेदवारांना बंदच होती. म्हणजे पायरीवर उभे राहण्यास मुभा होती. पायरी चढण्यास मात्र कोणाची तरी मर्जी लागे. ज्या अडसराला लेखी नियमाचा आधार नाही, त्याविरुद्ध दाद मागणे नियमाविरुद्ध दाद मागण्यापेक्षा अवघड असते, हे मंडळीच्या कारभाराशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावयास नको.

मातेउस यांनी दाद मागितली ती रोमकडे. समुद्रमार्ग पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांनी पश्चिम आशियातून खुष्कीचा मार्ग धरला व १६२५ च्या सुमारास ते रोमला पोहोचले. वेळ अनुकूल होती. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी श्रद्धाप्रसाराचे जे मंडळ स्थापिले, ते आपण प्रॉपगांडा या नावाने ओळखतो. त्याचे पहिले सचिव फ्रांचेस्को इंगोली यांचे ठाम मत असे की, पूर्वेकडील देशांत चर्च रुजावयाचे तर तेथलेच याजक आणि तेथलेच बिशप हवेत. मातेउस यांच्या रूपाने इंगोलींना आपल्या मताचा जिवंत पुरावाच सापडला. रोममध्ये तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे अध्ययन पूर्ण झाल्यावर १६३० च्या सुमारास त्यांना दीक्षा देण्यात आली.

इंगोलींच्या हेतूविषयी भाबडेपणाने लिहिणे बरे नव्हे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील बिशप सुचविण्याचा जो हक्क होता, तो पाद्रोआदो, रोमला डोईजड होऊ लागला होता. देशी याजक पुढे आणला की राजाची पकड ढिली होणार, हा हिशेबही त्यात होता. न्यायाची चाड आणि सत्तेचा हिशेब एकाच पत्रात शेजारी शेजारी असू शकतात, आणि डावललेल्या माणसाला जी मदत मिळते ती पुष्कळदा अशीच मिश्र असते. मातेउस यांनी ती घेतली याबद्दल त्यांना दोष कसा द्यावा?

गोव्यास परतल्यावर काय झाले? त्यांच्या कागदपत्रांवर शंका घेण्यात आली. दीक्षा खोटे सांगून मिळविली, असे म्हटले गेले. दीक्षेपूर्वी पात्रता सिद्ध करा आणि सिद्ध केल्यावर दाखला सिद्ध करा, असा हा क्रम आहे. मातेउस पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये त्यांना क्रिसोपोलिसचे बिशप म्हणून अभिषेक झाला. क्रिसोपोलिस हे केवळ नावापुरते पीठ. प्रत्यक्ष नेमणूक होती ती इदलखानाच्या, म्हणजे विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलुखात, पोपचे व्हिकार म्हणून. लॅटिन विधीच्या चर्चमध्ये बिशप झालेले हे पहिले भारतीय होत. या वेळीही गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. तेव्हा ते पोर्तुगीज हद्दीबाहेर, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या डिचोलीस जाऊन राहिले, तेथे देऊळ उभारले, आणि गोव्यात नाकारलेल्या काही देशी उमेदवारांना दीक्षा दिल्या. इथिओपियाचे पॅट्रिआर्क अफोन्सो मेंदिश यांच्यासारख्या विद्वान धर्माधिकाऱ्यानेही त्यांना वर्णावरून हिणविले. पात्रतेविषयीचा वाद मुळात पात्रतेचा नव्हताच, हे त्या शिवीने उघड केले.

मात्र मातेउस यांचे चरित्र संतचरित्राप्रमाणे लिहू नये. स्वभाव तापट, लेखणी जहाल. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाचे एक पत्र लिहिले व त्यांना पोर्तुगीजांविरुद्ध चेतविले. पुढच्याच वर्षी विजापूरच्या फौजा बार्देशावर चालून आल्या, तेव्हा यामागे मातेउस आहेत असा आरोप झाला. आरोपात तथ्य किती, हा निराळा प्रश्न. मला अधिक खटकते ते पत्राचे नावच. १६०६ मध्ये गोव्याच्या पाचव्या प्रांतिक परिषदेने असे ठरविले होते की, देशी लोकांपैकी ब्राह्मण व इतर प्रतिष्ठित गणल्या जाणाऱ्या जातींच्याच उमेदवारांना दीक्षा द्यावी. मातेउस झगडले ते गोरा आणि काळा या भेदाविरुद्ध; या दुसऱ्या भेदाला त्यांनी हात लावला नाही, उलट त्याच्याच आधारावर ते उभे राहिले. कुणब्याच्या वा गावड्याच्या मुलाला डावलले गेले असे म्हणता येत नाही, कारण त्याला उमेदवार होण्याचीच मुभा नव्हती. ज्यांना 'आम्ही डावलले गेलो' असे म्हणता आले, त्यांची गाऱ्हाणी इतिहासात उरली.

१६५८ मध्ये मातेउस कायमचे रोमला गेले व सुमारे वीस वर्षांनी तेथेच वारले. त्यांच्या मागून कुस्तोदियो दि पिन्यो आणि मातेउस यांचे पुतणे तोमास दि कास्त्रो हेही रोमकडून बिशप झाले. पैकी तोमास कानडा प्रांतात असता, १६८१ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांनी तेथे एक तरुण गोमंतकीय याजक आपल्या वतीने पाठविला. ते बाणावलीचे जोसेफ वाझ, २०१५ मध्ये संत म्हणून घोषित झालेले. दोन गोमंतकीय, दोघेही लायक, आणि रोम व लिस्बन यांच्या हद्दीच्या तंट्यात समोरासमोर उभे केलेले! जोसेफ वाझ यांनी त्या कटुतेत शांतपणे मार्ग काढला, ही त्यांची थोरवी.

अठराव्या शतकात मार्किस दि पोंबाल यांनी १६६१ नव्हे, थेट शंभर वर्षांनंतर, १७६१ च्या राजाज्ञेने देशी ख्रिस्ती लोकांना पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे ठरविले. १७७४ मध्ये तशाच सूचना पुन्हा द्याव्या लागल्या, यावरूनच पहिल्या आज्ञेचे काय झाले ते समजते. या वचनावर विसंबून गोव्याचे दोन सुशिक्षित याजक, कायतान फ्रान्सिस्को कौतो व दिवाडीचे जुझे आंतोनियो गोन्साल्विस, लिस्बनला गेले. रिकाम्या असलेल्या बिशपपीठांवर आपला विचार व्हावा, ही त्यांची अपेक्षा. तेथे नेमणुका झाल्या त्या पोर्तुगीज धर्मबंधूंच्या. त्याच काळात मलबारचे मार जोसेफ करियाट्टी मात्र १७८३ मध्ये लिस्बनला क्रांगानोरचे आर्चबिशप म्हणून अभिषिक्त झाले. पण परतताना १७८६ मध्ये गोव्यातच वारले आणि आपल्या पीठावर बसू शकले नाहीत.

कौतो आणि गोन्साल्विस परतले ते मनात सल घेऊन. १७८७ च्या ऑगस्टमध्ये सरकारविरुद्धचा कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून त्याला पिंटोंचे बंड म्हणतात. ४७ जणांना धरण्यात आले, त्यांत १७ याजक होते. १३ डिसेंबर १७८८ रोजी १५ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत याजक कोणी नव्हते. १४ याजकांना लिस्बनला नेऊन चौकशीविना तुरुंगात कोंडले. गोन्साल्विस ब्रिटिश मुलुखात निसटले. सरकारी कागदांनी या याजकांना महत्त्वाकांक्षी ठरविले, आणि पुढील पुष्कळ लेखकांनी तोच शब्द उचलला. महत्त्वाकांक्षा होती, हे मान्य करावे. पण जो शब्द नेमल्या गेलेल्या पोर्तुगीज धर्मबंधूंना कोणी लावला नाही, तो न नेमलेल्यांनाच का लागावा, हे त्या लेखकांनी सांगितलेले नाही. त्यांनीही अर्ज, शिफारशी आणि दरबारातील ओळखी यांच्याच बळावर पीठ मिळविले असणार.

गोव्याच्या आर्चबिशपपदावर पहिले गोमंतकीय, राउल निकोलाउ गोन्साल्विस, १९७८ मध्ये आले. दिवाडीच्या मातेउस यांच्या बिशपाभिषेकास तेव्हा ३४१ वर्षे झाली होती.