लेसर, सूक्ष्मदर्शक आणि एक बारीक छिद्र



लेसर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलादाला भोक पाडणारा किरण उभा राहतो, नाहीतर वरातीत डोळ्यांना सतावणारा हिरवा झोत. याच किरणाच्या साहाय्याने जिवंत पेशी न कापता तिच्या आत डोकावता येते, ही हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

मुळात अडचण काय होती ते आधी पाहू. कांद्याची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पेशी स्वच्छ दिसतात. पण मेंदूचा जाडसर तुकडा ठेवून पाहा. आपल्याला हवा तो थर एक, आणि त्याच्या वरच्या-खालच्या थरांतून येणारा प्रकाश त्यात मिसळून सगळे चित्र गढूळ होते. पावसाळ्यात घाटातून प्रवास केलेल्यांना हा अनुभव आहे. धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावले तर उजेड वाढतो, रस्ता दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तुकड्याचे अगदी पातळ काप काढीत. परंतु काप काढायचा म्हणजे जीव आधीच गेलेला.

1955 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मार्विन मिन्स्की नावाच्या तरुण संशोधकाने यावर उलटा विचार केला. पुढे हेच गृहस्थ कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य प्रवर्तक म्हणून गाजले. मेंदूतील तंतू एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी ठरवले की सगळा तुकडा एकदम उजळायचाच नाही. एका वेळी फक्त एका बिंदूवर प्रकाश टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत बारीक छिद्र असलेला पडदा धरायचा. त्या बिंदूचा प्रकाश छिद्रातून पार होतो, वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश पडद्यावर अडतो. मग तुकडा किंचित सरकवायचा आणि पुढचा बिंदू. असे बिंदू जुळवून चित्र तयार करायचे. या युक्तीला पुढे 'कॉनफोकल' हे नाव पडले. चित्र दाखवण्यासाठी त्यांनी लष्कराने मोडीत काढलेला रडारचा पडदा वापरला! 1957 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1961 मध्ये ते मिळाले, आणि मग प्रकरण जवळजवळ विसरले गेले. कारण साधे होते. छिद्रातून इतका थोडा प्रकाश येई की त्या काळच्या दिव्यांचा पाड लागेना.

छिद्राचा विषय निघाला की इब्न अल-हैसम यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. बसरा येथे सुमारे 965 साली जन्मलेल्या या विद्वानाने कैरोत 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे मांडले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा ठिपका निराळा पडला, आणि एक दिवा झाकताच नेमका त्याचाच ठिपका नाहीसा झाला. म्हणजे प्रकाश एकाच छिद्रातून गेला तरी एकमेकांत कालवला जात नाही. यावरून आजचा सूक्ष्मदर्शक आपल्या पूर्वजांनीच शोधला असे सभेत ठोकून देण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. पेशी ही वस्तू त्यांच्या काळी कोणाला ठाऊकही नव्हती. त्यांनी दिवा झाकून पाहिला, नुसते तर्कावर विसंबले नाहीत, एवढे त्यांचे श्रेय पुरेसे मोठे आहे.

आता पुन्हा दिव्याकडे वळू. 16 मे 1960 रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. तो क्षणभर चमकून विझत असे. लेसर म्हणजे प्रश्नाच्या शोधात निघालेले उत्तर आहे, अशी थट्टा त्या दिवसांत होत होती. त्याच वर्षी 12 डिसेंबरला बेल प्रयोगशाळेत अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांचा हेलियम-निऑन वायूचा लेसर चालू झाला, आणि तो अखंड चालत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी याच किरणावरून टेलिफोनचे संभाषणही करून पाहिले. जावान मूळचे तेहरानचे. त्यांनी 1954 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तीही बी.ए., एम.ए. यांसारखी कोणतीही आधीची पदवी हाती नसताना. (विद्यार्थ्यांनी हे वाचून परीक्षेला रजा देऊ नये. जावान वर्गात नियमित बसत होते.) त्यांचा पहिला किरण डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त होता. 1962 मध्ये इतरांनी त्याच वायूंतून लाल किरण मिळवला.

दिव्याचा प्रश्न असा सुटला. लेसरचा किरण फाकत नाही, भिंगातून तो नेमका एका बिंदूवर आणता येतो. 1969 मध्ये येल विद्यापीठाचे पॉल डेव्हिडोविट्स आणि डेव्हिड एगर यांनी हेलियम-निऑन लेसरवर चालणारा सूक्ष्मदर्शक प्रसिद्ध केला. मिन्स्की तुकडा हलवीत होते, यांनी भिंगच हलवले. 1973 मध्ये त्यांनी जिवंत डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातील पेशींची छायाचित्रे छापली. तरीही जीवशास्त्रज्ञांनी फार लक्ष दिले नाही. यंत्र मंद होते आणि वापरायला किचकट.

खरी चालना मिळाली ती केंब्रिजमध्ये. तेथे जॉन व्हाइट यांनी एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या 302 मज्जापेशींचा नकाशा तयार करण्यात वर्षे घालवली होती. वाढत्या गर्भातील पेशी ओळखायच्या, तर धुरकट चित्रे उपयोगाची नव्हती. ब्रॅड एमॉस प्रभृतींसह त्यांनी नमुना आणि भिंग दोन्ही जागच्या जागी ठेवले आणि हलत्या आरशांनी लेसरचा बिंदूच फिरवला. विशिष्ट रंग लावलेल्या पेशी लेसर पडताच उजळत आणि छिद्र नको तो उजेड गाळून टाकी. 1987 मध्ये त्यांनी जुनी आणि नवी चित्रे शेजारी शेजारी छापली, त्याच वर्षी यंत्र विक्रीला आले, आणि मग प्रयोगशाळांची रीघ लागली. मिन्स्कींच्या अर्जाला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

तरी एक उणीव राहिलीच. प्रखर किरणाने रंग उडतो, पेशीलाही इजा होते. यावरचा उपाय फार जुन्या कागदात सापडला. मारिया गेपर्ट या विद्यार्थिनीने ग्योटिंगेन येथील, 1931 मध्ये छापलेल्या प्रबंधात असे मांडले होते की कमी शक्तीचे दोन प्रकाशकण एकाच क्षणी अणूवर पोचले तर दोघांचे काम एकदम होते. लेसर येईपर्यंत ते पडताळताही आले नाही. लग्नानंतर अमेरिकेत या बाईंनी वर्षानुवर्षे बिनपगारी संशोधन केले. 1963 चे नोबेल त्यांना मिळाले, पण दुसऱ्याच कामासाठी. 1990 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विन्फ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांनी त्या विचारावर सूक्ष्मदर्शक बांधला. यात दोन कण एकत्र येतात ते फक्त किरणाच्या टोकाशी, त्यामुळे इतर थर उजळतच नाहीत. गंमत पाहा, आता छिद्राचीही गरज उरली नाही! जिवंत उंदराच्या मेंदूतील पेशी आज अशाच पाहिल्या जातात.

आपल्या घराशी या साऱ्याचा संबंध डोळ्याच्या दवाखान्यात येतो. डोळ्याला निसर्गाने खिडकीच दिली आहे, म्हणून लेसरचा बिंदू फिरवून दृष्टिपटल पाहण्याचे यंत्र 1980 मध्येच तयार झाले. 1991 मध्ये एमआयटीच्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या प्रतिध्वनीवरून दृष्टिपटलाचा उभा छेद काढून दाखवला. त्यात प्रथम लेसरचाच जातभाई असलेला अर्धवाहक दिवा होता, पुढे लेसरवर चालणारी यंत्रेही आली. ओसीटी म्हणतात ती तपासणी हीच. दादीला किंवा अब्बांना मधुमेह असेल तर डॉक्टर हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे पाहायला सांगतात. सुई नाही, चीर नाही. काही सेकंदांत पडद्यावर दृष्टिपटलाचे थर एकाखाली एक उमटतात, आणि नजर अजून चांगली वाटत असतानाच मधल्या थरात साचू लागलेले पाणी तेथे काळ्या पोकळीसारखे दिसते.